नंबर न विचारणारी लाइन

साळवे फोनवर कधीही ‘हॅलो’ म्हणायचे नाहीत. ‘बोला, कारखाना’ म्हणायचे, तेही दुसरी घंटी पुरी व्हायच्या आत. तिसरी घंटी वाजली तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जेवतानासुद्धा डावा हात रिसीव्हरजवळ असायचा. एकदा तोंडात भाकरीचा घास असताना फोन आला, घास गिळेपर्यंत पलीकडच्या माणसाला थांबावं लागलं, म्हणून त्यांनी त्याची माफी मागितली. तो माणूस ऊसतोडीची पाळी विचारणारा साधा सभासद होता. आमच्याकडे अशांची माफी कुणी मागत नसे.

आमचा म्हणजे बीडहून वडवणीकडे जाताना माळावर लागणारा सहकारी साखर कारखाना. मी तिथं सेक्रेटरीच्या हाताखाली कारकून होतो. अर्जांना आवक नंबर टाकायचे, संचालकांच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं, आणि चेअरमन जे बोललेच नाहीत ते बोलल्यासारखं लिहायचं, एवढं माझं काम. हाताला तशीच सवय लागली. आज हे लिहितोय ते पहिल्यांदाच कुणी न सांगता लिहितोय, तेव्हा कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

प्रल्हाद साळवे आमचे टेलिफोनवाले. बुटका, काटक माणूस, पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी टेस्टर. ऑफिसच्या मागच्या अंगाला एक्स्चेंजची खोली होती, तिथं कारखान्याच्या दीडशे फोनांची तारजुळणी होती आणि तिथं त्यांचं राज्य होतं. रोज सकाळी आल्याआल्या ते कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन रिसीव्हर पुसायचे. कानाची बाजू, तोंडाची बाजू, मग दांडा. मी नवा होतो तेव्हा सहज म्हटलं, ‘साळवे, तुम्ही फारच स्वच्छतेचे भोक्ते दिसता.’

ते हसले. ‘भाऊसाहेब, मी नोकरीला लागलो तवा माझ्याआधीचे ऑपरेटर म्हणायचे, तुझी पाळी झाली की रिसीव्हर पुसून ठिवत जा. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या तोंडाचा फोन त्यान्ला चालत नव्हता. नऊ वर्षं मी माझ्यानंतर पुसला. ते रिटायर झाले. आता मी माझ्याआधी पुसतो.’

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मलाच कुठं बघावं कळेना. मी चहा मागवला. आमच्याकडे असं काही निघालं की चहा मागवतात.

तर आता त्यांच्या विद्येबद्दल. मला समजलं तेवढंच सांगतो. बाहेरचा फोन टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमधून आमच्या एक्स्चेंजमध्ये येतो तेव्हा घंटी वाजायच्या आधी ही दोन यंत्रं आपसांत बोलून घेतात. कुणाला फोन हवाय, लाइन मोकळी आहे का, वगैरे. त्यांची ही बोली ठरलेली असते. आमच्याकडे जुनी बोली होती, तिला आर-टू म्हणतात. यात एक यंत्र एक आकडा सांगतं, दुसरं ‘पोचला’ म्हणतं, मग पुढचा आकडा. हे सगळं शिट्ट्यांसारख्या बारीक सुरांत चालतं. साळवे तपासणीचा फोन लाइनला लावून ते सूर ऐकत बसायचे आणि कुठला आकडा गेला ते कानानं सांगायचे. ‘लेकराला भरवल्यावानी हाय बगा,’ म्हणायचे, ‘एक घास गिळल्याबिगर दुसरा देत न्हाई.’

या बोलीची आणखी एक तऱ्हा होती. फोन कोण करतंय, त्याचा नंबर काय, हे ती आपणहून सांगत नाही. आमच्या यंत्रानं विचारलं तरच पलीकडचं यंत्र सांगतं. आणि साळवेंनी आमच्या यंत्राचं हे विचारणं बंद करून टाकलं होतं.

कारण सरकारी भाषेत असं, की उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, जमिनीतली केबल ताणली जाते, जोड सुटतात, सूर बिघडतात, आणि जास्तीचे आकडे विचारत बसलं की फोन मध्येच तुटतात. हे खोटं नव्हतं. पण खरं कारण आमचे शेतकी अधिकारी होते. त्यांनी हौसेनं नंबर दाखवणारा फोन टेबलावर बसवून घेतला होता. एके दिवशी साळवे त्यांच्या केबिनमध्ये वायर बदलत खाली बसले होते. घंटी वाजे, साहेब वाकून नंबर बघत, आणि कधी उचलत, कधी पेपर वाचत. ज्याची तोडणीची पाळी मुद्दाम मागं ढकलली होती, त्याच्या गावचा नंबर दिसला की पेपर. साळवेंनी तासभर हे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्या फोनवर नुसत्या रेघा.

साहेब तणतणत आले. साळवे उभे राहून अदबीनं म्हणाले, ‘लाइनीत खराबी हाय साहेब. माती लई भेगाळलीय.’

ते दिवस पावसाळ्याचे होते.

साहेब गेल्यावर ते मला म्हणाले, ‘नंबर दिसला की मानूस दिसतो भाऊसाहेब. मानूस दिसला की हात मागं येतो. न्हाईच दिसला तर उचलावंच लागतं.’ एवढ्या खुशीत मी त्यांना फार क्वचित पाहिलं. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘तांत्रिक बिघाडाची नोंद घेण्यात आली.’

मग तो दुष्काळ आला. दोन वर्षं पाऊस नाही. उसाचं टिपरू नाही, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. पालीच्या धरणाच्या तळात गुरं उभी राहायची. चेअरमनना काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मळी वाहणारे टँकर धुऊन घेतले आणि आजूबाजूच्या गावांना पाणी द्यायचं ठरलं. धुतले तरी पाण्याला मळीचा वास येई, पण तक्रार करण्याच्या परिस्थितीत कुणी नव्हतं. पाण्यासाठी कारखान्याला फोन करा, टँकर येईल, असे फलक गावोगाव लागले. त्यावर चेअरमनचा फोटो मोठा होता आणि नंबर लहान.

त्याच सुमारास टेलिफोन कंपनीचा इंजिनिअर औरंगाबादहून आला. कंपनी म्हणे दुष्काळी कामासाठी म्हणून आम्हाला नवी फायबरची लाइन ओढून द्यायला तयार होती, जादा पैसे न घेता. आठवड्याच्या आत होकार द्यायचा. चेअरमनच्या केबिनमध्ये चौघं बसलो होतो. चेअरमन, इंजिनिअर, साळवे, आणि वही घेऊन मी.

इंजिनिअरनं समजावून सांगितलं. नव्या लाइनवर पीआरआय नावाची बोली असेल. तिच्यात निरोपानिरोपीसाठी वेगळा रस्ता राखून ठेवलेला असतो. फोन यायच्या आधी एका झटक्यात सगळी चिठ्ठी येते, कोण, कुठून, कुणासाठी. एक सिप म्हणूनही आहे, ती इंटरनेटवरून चालते. यावर आम्ही तिघंही हसलो, कारण आमचं इंटरनेट स्वतःच्या मर्जीनं चालायचं. म्हणजे प्रश्न एवढाच राहिला, की जुनी आर-टू ठेवायची का नवी पीआरआय घ्यायची.

‘साळवे, मला त्यातलं काय कळत न्हाई,’ चेअरमन म्हणाले. ‘तुमी ठरवा. फोन लागला पायजे.’

साळवेंनी इंजिनिअरला विचारलं, ‘ह्या नव्यात करनाऱ्याचा नंबर न विचारता येतो का?’

‘हो. येतोच. टेबलावर दिसेल.’

‘अन् आपल्याला नको असला तर?’

‘नको कशाला असेल?’ इंजिनिअरला खरंच कळेना. ‘काका, लोक मिस कॉल देतात. नंबर आला तर तुम्ही परत लावू शकाल.’

‘पान्यासाठी कोन मिस कॉल देईल?’ साळवे म्हणाले. ‘घसा कोरडा पडलेला मानूस बोलल.’

मी तिथं होतो. माझी बायको रोज संध्याकाळी मला एक मिस कॉल द्यायची, म्हणजे येताना दूध आणा. दोन दिले की भाजीपण. अख्खा जिल्हा असाच चालत होता. ऊसतोडीला गेलेल्या बापाला पोरं मिस कॉल द्यायची, मग बाप मुकादमाच्या फोनवरून उलटा लावायचा. हे मला ठाऊक होतं, चेअरमनना ठाऊक होतं. एकट्या साळवेंना ठाऊक नव्हतं, कारण त्यांना आलेला फोन आयुष्यात कधी मिस झालाच नव्हता. मी तोंड उघडलं नाही. मी वहीत लिहिलं, ‘सांगोपांग चर्चेअंती विद्यमान प्रणाली कायम ठेवण्याचे ठरले.’

बाहेर आल्यावर ते म्हणाले, ‘टँकरच्या टेबलावर चेअरमनचे लोक बसनार भाऊसाहेब. वस्तीचा नंबर दिसला तर उचलतील का? आता समदे सारखे.’ त्यांच्या बाजूनं त्यांचं अगदी बरोबर होतं, आणि हे अजूनही मला टोचतं.

टँकरचे फोन सुरू झाले. साळवे मुख्य टेबलावर, आम्ही दोघं-तिघं कारकून मदतीला. पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घडायला लागली. एक घंटी वाजायची आणि बंद. साळवेंचा हात दुसऱ्या घंटीच्या आत पोचायचा, पण दुसरी घंटी यायचीच नाही. उचलला की नुसता टूं-टूं. सकाळी दहा-बारा वेळा, दुपारी तितक्याच. ‘जोड सुटला कुठंतरी,’ ते म्हणाले. हे मिस कॉल आहेत हे मला कळत होतं, तरी मी मान डोलावली. या खेपेला माती खरोखरच भेगाळली होती, आणि त्यांनी त्यावर खरोखरच विश्वास ठेवला. डोक्याला ओला पंचा बांधून, उन्हात केबलच्या कडेनं चालत, जागोजाग खणून त्यांनी जोड तपासले. आठ दिवस. जोड सगळे शाबूत होते. तिकडे टेबलावर एक-एक घंटी वाजत होती, बंद पडत होती.

अकराव्या की बाराव्या दिवशी त्यांची थोरली बहीण कौसाबाई गेटवर आली. लिंबागणेशच्या पुढं माळावर त्यांच्या लोकांची वस्ती आहे, तिथली. एसटीनं अर्धी वाट आणि पायी अर्धी. साळवे एक्स्चेंजमधून धावतच गेले. मी मागोमाग गेलो.

ती रडत नव्हती. हातातला मोबाइल त्यांच्यापुढं धरून म्हणाली, ‘पल्हादा, ह्यो नंबर तुमचाच हाय ना?’

‘हाय की.’

‘मंग तू उचलत कावून न्हाईस रं? समदी वस्ती दिसाला चार-चार मिस कॉल देतीय. कुनाच्या फोनात पैसे हायेत बोलायला? मी म्हनलं, माझा भाऊ बसलाय तितं, त्यो बगल नंबर, त्यो लावल उलटा. अकरा दिस झाले. शेजारच्या गावाला तीनदा टँकर आला, आमच्या कडंनं गेला.’

साळवे त्या मोबाइलकडे बघत राहिले.

‘शांता हिरीत पडली,’ ती म्हणाली. शांता म्हणजे तिची सून. ‘तळाला वाटीवाटीनं भरत व्हती. वर येताना दगड निसटला. डागदर म्हनत्यात पाठीचा मनका गेला. आता न्हाई उठायची.’

मी त्या माणसाला पंचवीस वर्षांत घाम पुसताना पाहिलं होतं, हसताना पाहिलं होतं. तो असा उभा राहिलेला पाहिला नव्हता. बहिणीच्या हातातून त्यांनी मोबाइल घेतला, केलेल्या फोनांची यादी उघडली, आणि आमचाच नंबर एकाखाली एक, एकाखाली एक वाचत गेले. मग बहिणीला सावलीत बसवून आत आले आणि आमच्या यंत्राचं नंबर विचारणं त्यांनी सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी नंबर दिसायला लागले. पण आर-टू ती आर-टूच. जुन्या केबलवर सूर बिघडत होते, आणि तीनांतले दोन नंबर अर्धवट यायचे. आठच आकडे, कधी सहाच. जे पुरे आले त्यांना साळवेंनी उलटा फोन लावला. प्रत्येकाला आधी ‘चूक झाली’ म्हणाले, मग गाव विचारलं. अर्धवट नंबर ते वेगळ्या कागदावर लिहीत. त्या कागदाकडे बघत बसत. फायबरची मुदत संपली होती. त्यांनी कंपनीला फोन केला तर ती लाइन दुसऱ्या तालुक्याला गेली होती.

आणि चौथ्या दिवशी चेअरमनचा पुतण्या टँकरच्या टेबलावर येऊन बसला. नंबर बघून म्हणाला, ‘हा आपल्या गावचा, ह्याला आधी. हा राहू द्या.’ म्हणजे साळवेंना जी भीती होती तीही खरी निघाली. इंजिनिअरही खरा ठरला आणि तुम्हीही, असं माणसाला सांगून काय उपयोग, म्हणून मी ते त्यांना सांगितलं नाही.

पाऊस आला, टँकर थांबले. सहकारातल्या कुठल्याशा मंडळानं आमच्या कारखान्याचा सत्कार ठरवला. टँकरच्या कामाबद्दल तक्रारवहीत एकही नोंद नव्हती. नसणारच. ज्यांना तक्रार करायची होती त्यांचे फोन वाजून बंद पडले होते. स्टेजवर साळवेंना बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. त्यांनी माइक हातात घेतला.

‘माझ्यामुळं एका वस्तीला अकरा दिवस पानी गेलं न्हाई,’ ते म्हणाले. ‘चुकीची लाइन मी निवडली. एक बाई कायमची आडवी झालीय. ही शाल कशाची हाय?’

चेअरमननी हसून त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि माइकमध्ये म्हणाले, ‘बगा, किती नम्र मानूस!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत होते.

पुढच्या आठवड्यात साळवे माझ्याकडे अर्ज घेऊन आले. दोन पानी, सुवाच्य. जुनी लाइन ठेवण्याचा निर्णय माझा होता, तो चुकला, त्यामुळे अमुक वस्तीला पाणी मिळाले नाही, ही चूक कारखान्याच्या दप्तरी नोंदवावी आणि शांताबाईच्या औषधपाण्याची जबाबदारी कारखान्यानं घ्यावी. माझ्यावर जी कारवाई करायची ती करा. खाली सही.

‘दप्तरात आलं की त्यान्ला नाकारता येनार न्हाई,’ ते म्हणाले. ‘तुमी फकस्त मीटिंगपुढं ठिवा. बाकी मी बघतो.’

मी आवक नंबर टाकला नाही. आधी चेअरमनना दाखवला. ते म्हणाले, ‘तक्रारच न्हाई तर चूक कसली? ठिवा तुमच्यापाशी.’ मी ठेवला. ड्रॉवरमध्ये, उजवीकडच्या.

त्यानंतर दोन वर्षांनी साळवे निवृत्त झाले आणि लिंबागणेशच्या वस्तीवर राहायला गेले. शांताला उचलायला, कुशीवर वळवायला घरात माणूस लागायचा. ते महिन्याकाठी मला फोन करायचे. ‘भाऊसाहेब, आला का अर्ज मीटिंगपुढं?’ मी म्हणायचो, या महिन्यात कोरम झाला नाही. पुढच्या महिन्यात अजेंडा भरगच्च होता. मग ऑडिट होतं. मग निवडणूक. ते प्रत्येक वेळी ‘बरं, बरं’ म्हणायचे आणि माझ्या मुलांची चौकशी करायचे. त्यांनी कधी आवाज चढवला असता तर मी कदाचित भांडून मोकळा झालो असतो.

ते पुढच्या वर्षी गेले. छातीत दुखलं, बीडला नेईपर्यंत संपलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याच्या तीनेक महिने आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते सांगतो आणि थांबतो.

भर दुपार होती. संचालकांची मीटिंग नुकतीच उठली होती. मी पहिल्या मजल्यावर माझ्या टेबलाशी इतिवृत्त पक्कं करत होतो. खिडकीतून खाली गेट दिसतं. गेटबाहेर साळवे उभे होते, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. वॉचमन नवा होता, त्यांना ओळखत नव्हता; निवृत्त माणसाला आत सोडायला चिठ्ठी लागते म्हणून हात आडवा करून उभा. त्यांनी वाद घातला नाही. दोन पावलं मागं झाले, खिशातून मोबाइल काढला आणि डोळ्यांपासून लांब धरून बटणं दाबली.

टेबलावर ठेवलेला माझा मोबाइल वाजायला लागला. त्यावर त्यांचं नाव आलं.

मीटिंग आजच होती हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. मी नाव बघितलं, मग खिडकीतून त्यांच्याकडे बघितलं. दोन घंट्या झाल्या, तीन झाल्या. हात माझा रिकामाच होता. त्यांनी मध्ये तोडला नाही, शेवटची घंटी वाजून आपोआप बंद पडेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला. मग मान वर करून त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं, आणि मी पडदा ओढून घेतला.